पदकांआधी हजेरीपट

२ मे २००६ रोजी ओडिशातील बुधिया सिंग हा अवघ्या चार वर्षांचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने धावत निघाला आणि सात तासांत सुमारे ६५ किलोमीटर अंतर कापून थांबला. देशभर त्याचे कौतुक झाले. भावी ऑलिंपिकवीर म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले गेले. पुढे राज्य सरकारने त्याच्या अशा धावण्यास मनाई केली आणि त्याची रवानगी क्रीडा वसतिगृहात झाली. तो आता तरुण झाला आहे. परंतु मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या निकालपत्रांत त्याचे नाव कधी झळकले नाही. जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत वीस वर्षांखालील मुलांनादेखील आठ किलोमीटरच धावावे लागते, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी त्या दिवशी काय घडले याची कल्पना येते.

याच्या अगदी उलट वाट बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांची. लहानपणी शाळेसाठी काही किलोमीटरची पायपीट रोजचीच होती; पण तिला सराव म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नाही. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले, सियाचीनच्या बर्फात राहिले, आणि २०१५ च्या सुमारास, वयाच्या विशीत, सैन्यातील क्रॉस-कंट्रीच्या निमित्ताने खऱ्या अर्थाने धावू लागले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकले. सुवर्ण हुकले ते केवळ ०.०५ सेकंदाने. पुढल्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णही आले.

दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही, हे खरेच. साबळे यांच्याएवढेच दमदार असलेले कितीतरी तरुण कोणाच्या नजरेस न पडता शेतीवाडीत वा नोकरीत विरून गेले असतील. तरीही लांब पल्ल्याच्या धावपटूचे शरीर आणि मन सावकाश घडते, आणि ते घडेपर्यंत त्याला मैदानावर टिकवून ठेवणे हेच प्रशिक्षकाचे पहिले काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेत नाही. आणि टिकवून ठेवणे एकट्या प्रशिक्षकाच्या हाती नसते. तेथे संघ लागतो.

धावणे हा एकट्याचा खेळ असल्याचा समज सर्वत्र आहे. या समजुतीला केनियातील इटेन हे गाव चोख उत्तर देते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरील या गावात सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली कॉल्म ओकॉनेल हे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकविण्यासाठी आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना कोणताही अनुभव नव्हता. मुले धावत, ते पाहात. पाहता पाहता शिकले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्ण त्याच शाळेच्या पीटर रोनोने जिंकले. पुढे ओकॉनेल यांनी सुट्टीत मुलामुलींची शिबिरे सुरू केली. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली शाळकरी वयापासून घडला. तेथल्या हवेचे आणि उंचीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु हवा तर शेजारच्या गावांतही तीच आहे. तेथे नवख्या मुलाला रोज डोळ्यांसमोर एखादा विजेता त्याच मातीच्या वाटेवरून धावताना दिसतो, आणि तो विजेताही काही वर्षांपूर्वी असाच मागे मागे धावत होता हे त्याला ठाऊक असते.

असे वातावरण आपल्याकडे उभे राहूच शकत नाही असे नाही. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी धावपटूंचा एक गट जोपासला. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, आणि त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळविले. कविताताईंना धावताना पाहून ज्या मुली मैदानावर आल्या, त्यांना कोणी भाषणे देण्याची गरज उरली नव्हती.

क्रॉस-कंट्रीतील सांघिक गुणांची पद्धत या संदर्भात मोठी बोलकी आहे. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा जण धावतात आणि त्यांतील पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. सर्वांत वेगवान मुलगा पहिला आला तरी बेरजेत एकच भर पडते. त्याहून कमी तो काही करू शकत नाही. मात्र चौथा खेळाडू चाळिसाव्याऐवजी तिसावा आला तर संघाचे दहा गुण वाचतात. म्हणजे जय-पराजय ठरतो तो या चौथ्याच्या पायांवर. एवढे गणित ज्या संघातील मुलांना उमगले, तेथे पुढचा मुलगा स्वतःची शर्यत संपताच घोटभर पाणी पिऊन परत वळतो आणि मागून येणाऱ्याला हाका मारू लागतो. तेवढे शिक्षण कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही.

आपल्याकडे मात्र चौथ्याची दखल कोण घेतो? प्रमाणपत्र पहिल्या तिघांना, दहावी-बारावीचे वाढीव गुण प्रमाणपत्रावर, नोकरीतील राखीव जागाही प्रमाणपत्रावरच. मग पालकांना घाई, प्रशिक्षकांना घाई. त्या घाईतून वयाचे खोटे दाखले निघतात. सोळा वर्षांखालील शर्यतीत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उतरतो आणि खराखुरा पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःला मंद समजून मैदान सोडतो. दाखल्यातील ती दोन वर्षे कोणा दुसऱ्याच्या मुलाकडून चोरलेली असतात.

मुलींच्या बाबतीत ही घाई अधिकच महागात पडते. तेरा ते सोळा या वयात शरीर बदलते, वजन वाढते, आणि वर्ष-दोन वर्षे वेळ सुधारत नाही, क्वचित घसरतेही. हा निसर्गक्रम आहे. अशा वेळी ‘वजन कमी कर’ असे चारचौघांत बोलणारा प्रशिक्षक त्या मुलीला अर्धपोटी धावायला लावतो. अपुऱ्या आहारावर भरपूर सराव झाला की मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. सराव वाढविण्यापूर्वी रक्त तपासून घेण्याची पद्धत किती मैदानांवर आहे? सोबतच्या दोन-चार मोठ्या मुली या अवस्थेतून गेलेल्या असल्या, तर धाकटीला धीर मिळतो आणि ती दुखणे लपवीत नाही. एकटी मुलगी लपविते.

बँकेत काम करणाऱ्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. वर्षभरात नवी खाती किती उघडली या आकड्याने शाखा शोभून दिसते. पण त्यांतील किती खात्यांत पुढे व्यवहार होत राहिले आणि किती निष्क्रिय झाली, यावर तिचे खरे आरोग्य कळते. क्रीडा मंडळांच्या अहवालात मात्र केवळ पदके छापली जातात. तेराव्या वर्षी आलेल्या वीस मुलांपैकी अठराव्या वर्षी किती जण अजून धावत आहेत, हा आकडा कोणी मागत नाही. तो हजेरीपटातून सहज निघेल.

गावोगावच्या शर्यतींना देणग्या देणाऱ्या संस्थांना आणि ग्राहकांना तो मागण्याचा अधिकार आहे. देणगीबरोबर जन्मदाखल्याची पडताळणी आणि मुलांच्या गटांसाठी अंतराची मर्यादा एवढ्या अटी घालाव्यात. आणि बक्षिसांच्या यादीत शाळांच्या संघांसाठी एक ढाल ठेवावी, जिचा हिशेब पहिल्या चौघांच्या क्रमांकांवरून होईल. ती ढाल व्यासपीठावर स्वीकारण्यासाठी शाळेने चौथ्या मुलाला पाठवावे.