वर्गणीआधी अर्ज करा



विहारात बालवाडी काढायची असे गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या बैठकीत ठरले आणि लगेच पावतीपुस्तक निघाले. आम्ही विरोध केला. "समाजाच्या कामात खोडा घालता का?" असे आम्हाला ऐकवले गेले. म्हणून हे लिहीत आहोत.

वस्तीत अंगणवाडी नाही. आहे ती गावात, हमरस्त्यापलीकडे. तीन वर्षांचे लेकरू एकटे जाणार कसे? आई तर सकाळी आठलाच कामाला गेलेली. अशा आईकडे महिना दोनशे रुपये मागायचे, आणि तेही सरकारने फुकट द्यायच्या गोष्टीसाठी?

अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आम्ही घरोघर फिरून मुले मोजली. ५७ भरली. आजवर वस्तीतून गेलेले अर्ज किती? एकही नाही!

मूळ संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुले होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला, सहाच्या आतल्यांना मात्र मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. म्हणजे कुपोषण ज्या वयात गाठते, तेच वय हक्काबाहेर. यावर आपल्या किती व्याख्यानमाला झाल्या?

पैसा नाही, हे तर आम्हाला सांगूच नका. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. त्या १५ टक्क्यांत आपल्या वाट्याला सतरंज्या आणि भांडी येतात, आणि आपण सह्या करून मोकळे होतो. ग्रामसभेत हिशेब मागणारा तरुण त्या दिवशी कुठे असतो?

कुणी म्हणाले, एखादी संस्था गाठू. गाठा. फोटो काढतील, प्रकल्प संपला की निघून जातील.

वर्गणी वाईट नाही. याच वर्गणीवर विहार उभे राहिले. अंगणवाडी मंजूर होईपर्यंत विहाराची खोली द्या, जयंतीच्या डीजेतून एका रात्रीचे पैसे काढून फळा आणि खेळणी आणा. पण अर्ज आधी. तो बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यायचा, मुलांची नावे आणि जन्मतारखा जोडायच्या, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचे नाही. पोच नसेल तर तीन महिने कुठून मोजणार?