शनी पाहिला आहे का?

आपल्या वस्तीत शनीला भिणारी माणसे किती, याची यादी करायची म्हटली तर शंभर पानी वही पुरणार नाही. पण शनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधायला निघालो तर चार गल्ल्या पालथ्या घालूनही सापडणे कठीण. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आपल्या आई-बापांनी देव्हारे रिकामे केले, अंगातले-बाहेरचे सगळे सोडले. शनी मात्र मागच्या दाराने पुन्हा घरात शिरला. मुलीचे लग्न जमेना, मुलगा बारावीत अडकला, की कोणीतरी हळूच कानात सांगतो, "ताई, साडेसाती दिसते, एकदा पत्रिका दाखवून घ्या." आणि रोज त्रिसरण-पंचशील म्हणणारी आपली माउली महिन्याच्या रेशनमधून वाचवलेले पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवून येते.

हे का होते? अज्ञान, गरिबी, अडचण ही कारणे आहेतच. पण माझ्या मते एक कारण आपण कधी मोजतच नाही. शहरात आपल्याला आकाशच उरलेले नाही. गावाकडचे आपले आजे रात्री शेतावर राखणीला असत, तारे कुठवर कलले ते पाहून रात्र किती उरली ते सांगत. त्यांची नातवंडे मुंबईत, ठाण्यात, पुण्यात वाढली. त्यांच्या डोक्यावर रात्री आकाश नसते, एक पांढुरका-पिवळट पडदा असतो. जे दिसतच नाही त्याच्याविषयी कोणी काहीही सांगावे आणि आपण ऐकून घ्यावे, अशी गत झाली आहे.

हा पडदा आपल्याच दिव्यांचा. रस्त्यावरच्या, मॉलच्या, होर्डिंगच्या दिव्यांचा उजेड वर जातो, हवेतल्या धुळीला आणि बाष्पाला धडकतो आणि परत खाली पसरतो. त्यात नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा उजेड जास्त, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा नकाशा केला, तेव्हा असे दिसले की जगातल्या तीनपैकी एका माणसाला आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 साली दुसरा अभ्यास आला. साध्या नागरिकांनी ठिकठिकाणांहून किती तारे दिसतात ते कळवले, त्यावरून 2011 ते 2022 या काळात रात्रीचे आकाश दर साल सुमारे दहा टक्क्यांनी उजळत गेले, असा हिशेब निघाला. मी बी.कॉम. झालेला माणूस, मला चक्रवाढ लगेच दिसते. या दराने आठ वर्षांच्या आत दुप्पट! बँकेत आपल्या मुदत ठेवीलाही इतके मिळत नाही.

1994 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला पहाटे भूकंप झाला आणि शहरभर वीज गेली. भेदरलेली माणसे रस्त्यावर आली, त्यांनी वर पाहिले, आणि तिथल्या वेधशाळेला फोन केले की आकाशात हे काय भलतेच दिसते आहे? ते नेहमीचेच तारे होते. पण ते पाहण्याची सवयच सुटली होती.

आता कामाची गोष्ट सांगतो. शहरातून सगळेच जात नाही. आकाशगंगा गेली, बारीक तारे गेले, पण ग्रह गेलेले नाहीत. शुक्र, गुरू, मंगळ आणि आपला हा बदनाम शनी, हे भर दिव्यांच्या मुंबईतूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शनी म्हणजे एक फिकट पिवळा, शांत ठिपका. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. मोबाईलवर आकाशाचे नकाशे फुकट मिळतात, त्यात पाहून जागा शोधावी. एकदा सापडला की पुढच्या वर्षीही तो त्याच भागात थोडा पुढे सरकलेला दिसेल, कारण त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत जवळजवळ अडीच वर्षे. अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसाती.

आता हिशेब करा. बारा राशींपैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते. म्हणजे कोणत्याही दिवशी चारातला एक माणूस साडेसातीत! त्यात साहेबही आला आणि शिपाईही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुढे त्यांतल्या कितीतरी घरांतली चूल विझली. ते सगळे काय एकाच राशीचे होते? बाराही राशींची माणसे रस्त्यावर आली. ते कोणी आणले, ते परळ-लालबागमधल्या पोराठोरांना माहीत आहे. त्यासाठी शनीपर्यंत जायची गरज नव्हती.

2008 साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची परीक्षा घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले, अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा गोळा केल्या. पत्रिका पाहून कोणती कुणाची ते ओळखा, म्हणून सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती!

कुणी म्हणेल, बौद्ध माणसाला आकाश कशाला पाहायचे? तर भगवान बुद्धांनी यातला फरक फार चांगला केला आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे आणि ग्रह-ताऱ्यांची भाकिते सांगून पोट भरणे ही हीन उपजीविका ठरवली आहे. पण विनयपिटकात चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंकडे चोर आले. त्यांनी विचारले, आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, ही दिशा कोणती? भिक्खूंना सांगता येईना. हे कसले अरण्यवासी, म्हणून चोरांनी त्यांना मार दिला. तेव्हा बुद्धांनी सांगितले की अरण्यात राहणाऱ्या भिक्खूने नक्षत्रे आणि दिशा शिकून घ्याव्यात. आकाश विकायचे नाही, पण ते ओळखता आले पाहिजे.

आपण पौर्णिमा पाळतो. महिन्यांची नावे कुठून आली, हे मुलांना त्याच रात्री दाखवावे. चैत्र पौर्णिमेला चंद्र चित्रा ताऱ्याच्या आसपास असतो, कार्तिकात कृत्तिकांपाशी, माघात मघापाशी. चित्रा आणि मघा शहरातूनही दिसतात, फक्त इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहावे, म्हणजे रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांत येत नाही. वीस-पंचवीस मिनिटे मोबाईल उघडू नये, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून पाहिले तरी बाजूचा उजेड अडतो. पावसाने धुतलेली हवा सगळ्यांत चांगली.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र घ्यावे. मधोमध एका रेषेत तीन तारे. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की लालसर रोहिणी. मृगातच काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. मुले विचारतील रंग वेगळे का? तांबूस तारा त्यामानाने थंड, निळसर जास्त तप्त. ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान नीट वाचण्याचे सूत्र 1920 साली दिले डॉ. मेघनाद साहा यांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना पंगतीत बसू दिले नाही, आणि ताऱ्यांचा उजेड वाचायला त्यांनी जगाला शिकवले. 1956 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, तेही गेले. आपल्या मुलांना त्यांचे नाव माहीत नसते. रोहित वेमुला मात्र माहीत असतो, पण 17 जानेवारी 2016 रोजी आपल्यातून गेलेल्या त्या मुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, हे कितीजण सांगतात?

आता दिव्यांविषयी. आकाश दिसावे म्हणून वस्तीतले दिवे घालवा, असे मी म्हणणार नाही. रात्री सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना विचारा, दिव्याची किंमत काय ते. बाबासाहेबांनीही परळच्या चाळीत पहाटे उठून चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. आपण उजेडाचे वैरी नाही. पण प्रकार पाहा. संडासाच्या गल्लीत बल्ब नाही, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी फ्लॅटच्या जाहिरातीचे होर्डिंग रात्रभर ढगांना उजेड देते आहे. खाली अंधार, वर उजेड, दोन्हीकडून नुकसान आपलेच. दिव्याला वरून टोपी बसवली, तोंड जमिनीकडे केले, तर कमी विजेत रस्ता जास्त उजळतो. 2024 साली आपल्याच राज्यातल्या पेंचच्या जंगलात देशातले पहिले डार्क स्काय पार्क जाहीर झाले. तिथे जाणे प्रत्येकाला परवडणारे नाही. पण वॉर्ड ऑफिस जवळ आहे.

महिला मंडळाने अर्ज द्यावा. एकाच अर्जात तीन मागण्या लिहाव्यात. अंधाऱ्या गल्लीत दिवा, उघड्या दिव्यांना टोपी, आणि होर्डिंगचे दिवे रात्री अकरानंतर बंद. प्रत्येक खांबाचा नंबर टाकावा, नंबर नसेल तर जवळच्या दुकानाची खूण. "आमच्या विभागातील" असे मोघम लिहिलेले अर्ज फायलीत झोपतात, हे वीस वर्षे फायली हाताळणारा माणूस सांगतो आहे. निदान पंचवीस सह्या असाव्यात, अंगठे असले तरी चालतील. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.