सर, हा विषय सिव्हिलचाच आहे!

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे दिवसातला एक पिरियड, तोही बहुतेक वेळा डबा खाल्ल्यानंतरचा. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

शाळेत असताना आमची ट्रिप सोलापूरहून नळदुर्गला गेली होती. तिथे किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळातला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा! आम्ही काय केलं? फोटो काढले, वडापाव खाल्ले आणि परत आलो. "पाणी आत का येत नाही?" असं कोणीच विचारलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी निबंध मात्र लिहिला, इंग्रजीत, आणि सगळ्या वर्गाचा सारखाच.

पुण्यात येऊन सिव्हिलला बसले तरी डोळे तेच. सातारा रोडवरून बसने जाताना एक जुना दगडी मनोरा दिसायचा. मला वाटायचं, कोणाची तरी समाधी असेल. एकदा मेसच्या मावशींना विचारलं तर त्या हसल्याच. "अगं, तो उच्छ्वास. कात्रजच्या नळाचा!"

मग थोडं वाचलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी शहरात आणलं गेलं. ना पंप, ना वीज, फक्त उतार. मध्ये कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून हे उच्छ्वास. शेवटी पेठांतले हौद. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, शहराचे नळ बंद पडले, तेव्हा याच हौदांनी लोकांना पाणी दिलं. मावशींच्या सासूबाईंनी तेव्हा हंडे भरले होते. आणि मी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर पाठांतर करून पास झाले!

मी आणि रूममेटने ठरवलं, मिनी प्रोजेक्ट यावरच करायचा. उत्तर आलं, "हा इतिहासाचा विषय आहे, आर्ट्सवाल्यांना करू दे." मग गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी हौस म्हणून मॉडेल केलं. पीव्हीसी पाइप, प्लास्टर ऑफ पॅरिस, आइस्क्रीमचे कप. दोनदा पाणी अडलं. वरच्या बाजूला भोकं पाडली आणि तिसऱ्यांदा धार लागली. उच्छ्वास कशासाठी असतात ते मला तेव्हा खरं कळलं.

तेच सर मॉडेल बघायला आले. बराच वेळ उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "खऱ्या नळाला उतार किती आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगते, त्या दिवशी सरांचा राग गेला. कारण प्रश्न बरोबर होता. नुसता पुठ्ठ्याचा शनिवारवाडा काय, स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो. नेटवरून चार पानं उतरवली की फाइलही होते. "आपल्या पूर्वजांना सगळं येत होतं" म्हणून टाळ्या मिळवणं त्याहून सोपं. पण जागेवर जाऊन मोजलं नाही, तिथल्या माणसांशी बोललो नाही, तर तो प्रोजेक्ट नाही, ती सजावट.

आणि मोजायचं कशाने? ऑटो लेव्हल सर्व्हे लॅबच्या कपाटात असते. हौशी पोरींना ती कोण देणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सबमिशनच्या विषयांत आपल्या गावच्या जुन्या बांधकामाला अधिकृत जागा द्या. साताऱ्याच्या मुलाने लिंबची बारा मोटेची विहीर मोजावी, संभाजीनगरच्या मुलीने पाणचक्की चालती करून दाखवावी. कॉम्प्युटरवाल्यांनी नकाशे करावेत. आजी-आजोबांच्या आठवणी मराठीत टिपून घ्याव्यात, कारण त्या इंग्रजीत येतच नाहीत.

आपल्या हॉस्टेलवर केवढ्या गावांची पोरं राहतात! सुट्टीत घरी जाल तेव्हा गावातली एक जुनी विहीर, एक बंधारा बघून या. फोटो काढाच, पण सोबत एक टेप घेऊन जा.

मी नळदुर्गला परत जाणार आहे. या वेळी वडापाव नंतर!

आणि सर, उतार मोजायचाय. ऑटो लेव्हल मिळेल का?