अर्धी राहिलेली पद्मिनी

ताडपत्रीखाली जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. इंजिन उतरवलेलं, दारं भिंतीला टेकवलेली, नट-बोल्ट डब्यांत. विकायचा विषय निघाला की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘एवढे पैसे घातलेत, आता कशी सोडू?’

हा हिशेबच चुकतो. घातलेले पैसे गेलेच आहेत. प्रश्न उरतो तो पुढच्या खर्चाचा आणि रविवारांचा. पण मन मागचीच वही उघडून बसतं. अमेरिकेतल्या आर्केस आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांची हंगामी तिकिटं काढणाऱ्यांपैकी काहींना अचानक सवलत दिली होती. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले प्रेक्षकच जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती!

पैशांपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच. गाडी बऱ्याचदा वडिलांची असते. ती देताना होणारं दुःख खरं असतं, त्याला हट्ट म्हणून हसू नये. मात्र जिद्द सोडली की माणूस खचतो, हा समज तपासायला हवा. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत, आवाक्याबाहेरचं उद्दिष्ट सोडता येणाऱ्यांमध्ये शारीरिक तक्रारी कमी दिसल्या. सोडल्यामुळेच त्या कमी झाल्या, असं यातून सिद्ध होत नाही. सोडणं तब्येतीला घातक नाही, एवढं तरी दिसतं.

गाडी द्यायची तर दुसरी पद्मिनी उभी करणाऱ्याला द्यावी, आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून. कुठला बोल्ट कुठला, हे खोलणाऱ्यालाच ठाऊक असतं.