शाळेचं अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजू नका

निलंग्यात जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर बसलं की अलीकडे एक वाद हमखास निघतो. गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेचा पट घटत चाललाय, आज ना उद्या ती दुसऱ्या शाळेत मिसळणार. हे बरं की वाईट? एक जण म्हणतो, "दोन मास्तर, चार वर्ग. त्यातला एक कायम मीटिंगला. पोरं शिकणार काय? जाऊ द्या मोठ्या शाळेत." दुसरा म्हणतो, "उर्दू एकदा गेली की परत येत नाही, भाई." आणि तिसरा, ज्याची दोन्ही मुलं रोज सकाळी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसतात, तो उर्दूच्या बाजूनं सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतो.

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण ज्याच्या पायाखालची वाट बदलणार आहे, त्या सात वर्षांच्या पोराचा विचार तिघांच्याही बोलण्यात नाही.

ही चर्चा नुसती टपरीवरची नाही. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवायचं ठरवलं. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा हिशेब मागितला गेला, तेव्हा राज्यात अशा साडेचौदा हजारांहून अधिक शाळा निघाल्या. मग सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले समोर ठेवले. राज्यभर ओरड झाली. पण शाळा बंद करायला 'बंद' हा शब्द वापरावाच लागतो असं नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांचा आक्षेप हाच होता, की सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असली तर शिक्षकच मंजूर होत नाही. शिक्षक नसला की पालक आपसूक दाखला काढतो. शाळेला कुलूप मात्र पालकांनीच लावलं असं दिसतं.

आता सरकारची बाजू. पाच-सात मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, भांडायला-खेळायला बरोबरीचं कुणी नसतं, चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. हे खोटं नाही. म्हणून प्रत्येक विलीनीकरणाला विरोध करा, असं मी म्हणणार नाही. एकाच गावात, एकाच माध्यमाच्या दोन लहान शाळा असतील आणि त्या एकत्र आल्यानं चार शिक्षक मिळत असतील, तर त्याचं स्वागत करायला हवं.

प्रश्न त्यापुढं सुरू होतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. मराठी शाळेच्या बाबतीत हे अंतर नकाशावर मोजता येतं. उर्दू शाळा मिसळायची म्हटलं की दोनच वाटा उरतात. एक, पलीकडच्या मोठ्या गावातली किंवा निलंग्यातली उर्दू शाळा, म्हणजे कित्येकदा आठ-दहा किलोमीटर. दुसरी, गावातलीच मराठी शाळा. ती शंभर पावलांवर असते, त्यामुळे कागदावर अंतर शून्य होतं. पण तिसरीपर्यंत उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलेलं पोर चौथीत एकदम देवनागरीच्या धड्यापुढे बसतं, तेव्हा त्याच्यासाठी ते अंतर किती असतं?

हा मुद्दा मराठीच्या विरोधातला नाही. मी हे मराठीतच लिहितोय, तुम्ही मराठीतच वाचताय. आपल्या घरात दखनी, बाजारात मराठी आणि दोन्हींत कुठंच अडखळत नाही, ही आपली मराठवाड्याची कमाई आहे. पहिलीपासून मराठी शाळेत घालायचं, असं एखाद्या आई-बापानं ठरवलं तर तो त्यांचा हक्क आहे, आणि अनेकांना त्याचा फायदाही झालाय. पण पहिलीला माध्यम निवडणं वेगळं आणि अधेमधे ते लादलं जाणं वेगळं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं पुरेशा सोयी कराव्यात, असं संविधानाचं कलम ३५०-अ सांगतं. ते १९५६ पासून संविधानात आहे.

आणि मुलींचं काय? एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास पाचवीपासून आहे. दुसरीतली मुलगी त्यात बसत नाही. तिला फाट्यापर्यंत कोण सोडणार, संध्याकाळी कोण आणणार? ज्या घरात आई सोयाबीन काढायला आणि बाप गवंडीकामाला जातो, तिथं या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. मोठी बहीण शाळा सोडून घरी बसते, नाहीतर धाकटीच बसते.

आता थोडं आपल्याकडे. पट काय एका रात्रीत घटला नाही. ऐपत असलेल्यांनी मुलं काढली, तेव्हा शाळेत फक्त ज्यांचा आवाज नाही त्यांचीच मुलं उरली. मुशायऱ्याला हजार माणूस जमतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मात्र सहीपुरते दोघे येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा असतो. आपल्या गावात ही समिती कुणाची आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तेव्हा वाद घालायचा तर कामाचा घालू. समितीच्या बैठकीला जा आणि इतिवृत्त वाचा. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट बघतात आणि आधार जुळलेली मुलं धरण्यावर भर असतो. 'शेख' कुठं 'शैख' झालाय, कुठं जन्मतारीख चुकली आहे, हे जूनमध्येच दुरुस्त करून द्या. मोबाईल हाताळणाऱ्या पोरांना हे एका दुपारचं काम आहे. उर्दूच्या मंजूर जागा किती आणि रिकाम्या किती, हे माहिती अधिकारात विचारा. विलीनीकरणाचा विषय आलाच, तर ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा: माध्यम तेच राहील, गाडी दारापर्यंत येईल आणि नवी सोय सुरू झाल्याशिवाय जुनी शाळा बंद होणार नाही.

आणि हे एकटे मागू नका. तांड्यावरची लमाण मुलं, वस्तीवरच्या मराठी शाळेतली मुलं याच यादीत आहेत. त्यातल्या कितीतरी शाळा २०००-०१ नंतर वस्तीशाळा म्हणून सुरू झाल्या, कारण तेव्हा सरकारलाच पटलं होतं की लहान मुलापर्यंत शाळेनं जायला हवं. त्यांचा आणि आपला अर्ज एकच असू शकतो. उर्दू शाळेचा प्रश्न फक्त मुसलमानांचा म्हणून मांडला की तो एका मोहल्ल्यात अडकतो. लहान मुलांच्या वाटेचा म्हणून मांडला तर अख्खा तालुका सोबत येईल.

आपल्या जिल्ह्याला बारावीच्या 'लातूर पॅटर्न'चा केवढा अभिमान. राज्यभरातली मुलं डॉक्टर व्हायला इथं येतात. पण ती शिडी पहिलीच्या वर्गातून सुरू होते. खालची पायरीच काढून घेतली, तर गावातलं पोर वर चढणार कसं? पुढच्या जुम्म्याला टपरीवर हा वाद निघेल, तेव्हा एवढंच विचारा: शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे?