गाडीखाली कोण वाकणार?

श्रमविभागणीवर आपण शिबिरांमधून पुष्कळ बोललो आहोत. चूल, मूल, पाणी, सरपण यांच्या याद्या फळ्यांवर लिहून झाल्या. पण संस्थेची गाडी बिघडली की तीच विभागणी आपल्याच अंगणात दिसते. पुरुष गाडीखाली वाकतो, पुरुषच निदान सांगतो आणि बाई बिलावर सही करते. माझे म्हणणे असे की, गाडीची दुरुस्ती हाही आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

शहापूर-मुरबाडकडे गाडी ही चैन नाही. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे असते, टोकावड्याच्या बाजूला मार खाल्लेल्या बाईला रात्री घराबाहेर काढायचे असते. अशा वेळी शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. गाडी बंद पडली तर ती बाई त्या रात्री त्याच घरात राहते.

आमच्या संस्थेला मुंबईच्या एका हितचिंतक बाईंनी त्यांची जुनी गाडी दिली. गिअर ऑटोमॅटिक, क्लच नाही. त्यामुळे आमच्या तिघी कार्यकर्त्या ती लवकर चालवायला शिकल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी उभी असेल तिथे तेलाचा लालसर डाग पडू लागला. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने खाली न पाहताच सांगितले, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण उतरवावा लागेल." हे सांगितले तेही सोबत आलेल्या आमच्या शिपाईदादांना. मला म्हणाला, "ताई, तुम्ही सावलीत बसा."

त्याने सांगितलेला खर्च आमच्या सहा महिन्यांच्या प्रवासखर्चाहून जास्त होता. म्हणून आम्ही गाडी परत आणली आणि आधी समजून घ्यायचे ठरवले. इंजिनचे तेल वापरून काळपट होते. ऑटोमॅटिक गिअरचे तेल बहुधा लाल आणि पातळ असते, म्हणजे गळती बहुधा गिअरबॉक्सची. मग खालचा भाग पुसून घेतला, गाडी थोडी फिरवून आणली आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली डाग पडला, तर पुढच्या पंपाचे सील गेलेले असू शकते. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या मुळाशी ओल दिसली, तर ते एक्सलचे सील. त्यासाठी चाक आणि दांडा काढला की भागते. आमची ओल दांड्याच्या मुळाशी होती.

सील म्हणजे रबराचे एक कडे, आत बारीक स्प्रिंग. वय आणि उष्णता यांनी रबर कडक होते, चिरते. गिअरबॉक्सला हवा सोडायला एक छोटी नळी असते. ती चिखलाने बुजली तर आतला दाब वाढून चांगले सीलही गळते. मुरबाडच्या एका मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात काम केले. आमच्या दोघी जणी शेजारी उभ्या राहून बघत होत्या, विचारत होत्या. त्यांनीही न कंटाळता दाखवले: दांड्यावर चर पडली आहे का ते बोटाने पाहायचे, सील तिरके न ठोकता सरळ बसवायचे, ती नळी साफ करायची आणि गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे तेच तेल भरायचे.

हे तेल नुसते वंगण नसते. त्याच्याच दाबाने गिअर पडतात. ते कमी झाले तर माळशेज घाट चढताना गिअर घसरतो, तापतो आणि आतल्या क्लचप्लेटा जळतात. अशी गाडी ढकलून चालू होत नाही. इंजिन बंद असताना, गिअरबॉक्सला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ती दूरवर ओढत नेली, तर आत तेल फिरत नाही आणि गिअरबॉक्स खरोखरच जातो. गाडी चालवणाऱ्या बाईला हे ठाऊक असलेच पाहिजे.

बाईला यंत्रापासून लांब ठेवणे ही फक्त गॅरेजवाल्याची खोड नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राला तेल देणे, ते साफ करणे ही कामे स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांना एकाच वाक्यात मना केली होती. संरक्षण हा हेतू असेल. पण धोका सगळ्यांच्या बोटांना सारखाच असतो, आणि संरक्षणाच्या नावाखाली कसब मात्र पुरुषांकडेच राहिले. तो कायदा आता गेला. २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण कायदा बदलला म्हणून गॅरेजातले "सावलीत बसा" बदलत नाही.

आणि बायकांना हे जमते का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन चालवत घाट उतरवली. २०२३ मध्ये एसटीच्या चाकामागेही बायका बसल्या.

काही मैत्रिणी म्हणतील, वनहक्काचे दावे पडून आहेत, मारहाणीच्या केसेस आहेत, त्यात नटबोल्ट कुठे? मला वाटते, ज्या गाडीवर ही कामे अवलंबून आहेत तिच्याबद्दल अडाणी राहणे आपल्याला परवडत नाही. प्रत्येकीने मिस्त्री व्हावे असेही नाही. गॅरेजात शाळा सोडून राबणाऱ्या पोरांकडे पाहिले, तर या कामाचे गोडवे गावेसेही वाटत नाही. पण काय बिघडले आहे हे विचारता यावे आणि दिलेले उत्तर तपासता यावे, एवढे तरी आपल्या हातात हवे.

म्हणून चार सूचना. पुढच्या कार्यकर्ता शिबिरात एक सत्र गाडीखाली घेऊ या. तेल तपासणे, गळती ओळखणे, चाक बदलणे एवढे पुरे. गाडीची एक वही ठेवू या, त्यात दुरुस्तीची तारीख आणि बदललेला भाग लिहायचा. देणगीदार गाडी देतात, देखभाल देत नाहीत. तेव्हा अंदाजपत्रकात तो खर्च वेगळा मागू या. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. आपल्या वस्त्यांमधल्या मुलींना शिवणकामाचा अर्ज भरून देताना मोटर मेकॅनिकचाही अर्ज समोर ठेवू या. निवड त्यांची त्या करतील.