आधी जीमेलला कुलूप!

'टू-फॅक्टर कुठून सुरू करू?' असं ऑफिसात कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: आधी जीमेल! बाकी सगळ्या अकाउंट्सचे 'पासवर्ड विसरलात?'वाले मेल तिथेच तर येतात ना.

आणि कोड एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या. २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे सीईओ जॅक डॉर्सी यांचा मोबाइल नंबरच भामट्यांनी पळवला आणि त्यांच्याच अकाउंटवरून वाट्टेल ते ट्विट केलं. (सीईओची ही कथा, तर आपलं काय!) अ‍ॅपचा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, दर ३० सेकंदांनी बदलतो. रेंज नसली तरी चालतो.

फोन हरवला तर? गुगल १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून घरी कपाटात ठेवा. पाकिटात अजिबात नको, लोकलच्या गर्दीत फोन आणि पाकीट एकदमच मारलं जातं.